पुण्याहून रविवारची सायकल राइड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात शनिवार-रविवारी पहाटे सायकलवर निघणारी माणसं आता सगळ्याच बाहेरगावच्या रस्त्यांवर दिसतात. सिग्नलला थांबलं की शेजारचा दुचाकीवाला हमखास विचारतो, "कुठपर्यंत जाता?" त्यातलेच काही जण पुढे सायकल घेऊन आमच्यात येतात आणि मग खऱ्या प्रश्नांना सुरुवात होते. खडकवासला, सिंहगड, बोपदेव, मुळशी या भागांत रमणाऱ्या आम्हा हौशी मंडळींकडे हे प्रश्न सतत येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली. तीन-चार तास सायकल चालवावी, वाटेत पोटभर नाश्ता करावा आणि दहाच्या आत घरी पोचावं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे आहे.

पहिली राइड कुठे करावी?

खडकवासला. डेक्कनहून धरणाची भिंत सतरा-अठरा किलोमीटरवर आहे. रस्ता जवळपास सपाट आहे. कुठे दमलात, सायकल बिघडली, तर वाटेत दुकानं आणि रिक्षा आहेत. जाऊन-येऊन ३५ किलोमीटर होतात आणि पहिल्या वेळेला तेवढे पुरेत. धरणाजवळ कणीस किंवा भजी खाऊन परत फिरा. अंगात अजून जोर आहे असं वाटलं तरी परत फिराच. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतात ते बघून पुढचा पल्ला ठरवावा.

दोन-तीन रविवार असे गेले की डोणजे फाट्यापर्यंत जा, मग खानापूरपर्यंत. अंतर वाढवायची घाई करू नका. आमच्यातले जे लोक वर्षानुवर्षं टिकले, ते सगळे हळूहळू वाढलेले आहेत.

कुठली सायकल घेऊ? गिअरची हवीच का?

आपल्याकडे सायकल असेल तर आधी तीच दुकानात नेऊन ब्रेक, चेन आणि टायर नीट करून घ्या आणि महिनाभर चालवा. नवी घ्यायचीच असेल तर सुरुवातीला हायब्रिड बरी. हँडल सरळ असल्याने पाठीवर ताण येत नाही, टायर ३२ ते ३८ मिलिमीटरचे असल्याने आपल्या रस्त्यांवर धक्के कमी बसतात आणि घाटासाठी लागणारे हलके गिअर मिळतात. रोडबाइक वेगवान असते, पण तिच्यावर वाकून बसायची सवय व्हावी लागते. जाड टायरची, पुढे-मागे सस्पेन्शन असलेली एमटीबी (डोंगरवाटांची माउंटन बाइक) मात्र डांबरी रस्त्यासाठी घेऊ नका. चढावर प्रत्येक पेडल मारताना ती खालीवर होते आणि तुमचा जोर त्यात फुकट जातो.

घाटात जायचं असेल तर दुकानात एकच गोष्ट आवर्जून विचारा: मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला किती दात आहेत? ३२ किंवा ३४ असतील तर सिंहगड बसूनही चढता येतो. २५ किंवा २८ असतील तर गुडघे तक्रार करणार. सायकलची साइज मात्र स्वतः बसून, कुणा जाणत्याला सोबत नेऊन ठरवा. सवलतीत मिळतेय म्हणून मोठी किंवा लहान फ्रेम घेणारे पुढे कायम मान आणि कंबर धरून बसतात.

किती वाजता निघायचं?

उन्हाळ्यात साडेपाच, थंडीत सहा. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सात वाजेपर्यंत सूर्य उगवत नाही, त्यामुळे पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा असल्याशिवाय घराबाहेर पडू नका. मागचा दिवा उजेडातही चालू ठेवावा. झाडीच्या सावलीतून जाणारा सायकलवाला मागून येणाऱ्या गाडीला उशिरा दिसतो.

लवकर निघण्याचं कारण ऊन नाही, रहदारी आहे. रविवारी आठनंतर सिंहगड रस्ता फिरायला निघालेल्या गाड्यांनी भरतो आणि गडाच्या घाटात तर गाडीला गाडी लागते. सकाळी सहाला ज्या रस्त्यावर फक्त दूधवाले आणि चालायला आलेली माणसं असतात, त्याच रस्त्यावर साडेनऊला सायकल चालवणं नकोसं होतं. आमच्या सगळ्या आखणीचा पाया एवढाच आहे: गर्दी येण्याआधी आपण घाटातून खाली आलेलं असायचं.

सिंहगड जमेल का?

जमेल, पण आधी बोपदेव करा. येवलेवाडीच्या पुढे सुरू होणारी बोपदेवची चढण चारेक किलोमीटरची आहे. ती न थांबता, बोलता येईल इतक्या दमाने चढता आली की सिंहगडाचा विचार करावा.

सिंहगडाचा गाडीरस्ता पायथ्यापासून साधारण नऊ किलोमीटर आहे आणि तेवढ्यात तो सहाशे मीटरहून जास्त वर चढतो. म्हणजे सरासरी सात टक्क्यांच्या आसपास चढ. सरासरी ऐकायला सोपी वाटते. प्रत्यक्षात काही वळणं त्याहून बरीच उभी आहेत आणि मधे पाय सोडायला सपाट तुकडे फार थोडे आहेत. नवीन माणूस बहुधा पहिल्या दोन किलोमीटरमध्येच जोर संपवतो. तिथे हलक्यात हलका गिअर टाकून, मुद्दाम हळू, श्वास मोजत जा. वळणाच्या आतल्या बाजूला चढ जास्त उभा असतो, म्हणून रस्ता मोकळा दिसत असेल तर थोडं बाहेरून वळा, पण आपली डावी बाजू सोडू नका. थांबायची वेळ आली तर वळणावर थांबू नका, पुढचा सरळ तुकडा गाठा. उभ्या चढावर परत सायकलवर बसणं अवघड जातं, अशा वेळी दहा-वीस पावलं चालत जाऊन सपाटी पकडावी. चालण्यात कमीपणा काही नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी गडाचा काही भाग पायी केलाय आणि त्या दिवशीचं दही-पिठलं त्यांनाही तितकंच गोड लागलंय.

वाहनतळाशी पोचलात की कपडे बदला किंवा विंडचीटर चढवा. घामाने भिजलेल्या अंगाला तेराशे मीटरवरचा वारा झोंबतो, आणि उतरताना तो दुपटीने लागतो.

चढ चालेल, पण उतरायची भीती वाटते. काय करू?

ही भीती चांगली आहे, ती घालवू नका. आमच्या माहितीतले वाईट अपघात जवळजवळ सगळे उतारावरचे आहेत.

उतरण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा, चाकं घट्ट आहेत का बघा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही. वळणात ब्रेक करकचून दाबला की टायरची पकड सुटते. दोन्ही ब्रेक एकत्र वापरा. नुसता पुढचा दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो, नुसता मागचा दाबला तर चाक घसरतं. वळताना बाहेरचा पाय खाली, आतला वर. नजर जिथे जायचंय तिकडे ठेवा. खड्ड्याकडे बघत राहिलात तर सायकल खड्ड्यातच जाते.

रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर सतत घासत खाली येऊ नका. रिम इतकी तापते की आतली ट्यूब फुटू शकते. थोडं दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. सिंहगडावरून उतरताना मधे एकदा थांबून बोट रिमजवळ नेऊन बघा, न टेकवता. धग लागली तर दोन मिनिटं तिथेच उभं राहा. डिस्क ब्रेकवाल्यांनीही उतरून लगेच डिस्कला हात लावू नये, भाजतं.

आणि एक विनंती. उताराची वेळ स्ट्राव्हावर (राइडची वेळ नोंदवून इतरांशी तुलना करणारं ॲप) तपासू नका. चढाची जरूर तपासा, मित्राला हरवा, आनंद आहे. उताराला नंबर लावायला हा रस्ता काही बंद केलेला नसतो. समोरून मोटारसायकल चुकीच्या बाजूने येते, वळणावर माकडं बसलेली असतात आणि त्यांना तुमची वेळ माहीत नसते.

वाटेत काय खायचं, किती पाणी प्यायचं?

निघताना रिकाम्या पोटी निघू नका. एक केळं, दोन खजूर, चहा, इतकं पुरतं. दीड तासापर्यंतच्या राइडला पाण्याशिवाय फारसं काही लागत नाही. त्याहून लांब जायचं असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-पोळीचा रोल, मनुका, हे सगळं खिशात मावतं आणि महागड्या एनर्जी जेलच्या पाकिटांइतकंच काम करतं. भूक लागायची वाट बघू नका. भूक कळेपर्यंत उशीर झालेला असतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मग सपाट रस्ताही चढ वाटतो. तसं झालं तर सावलीत बसा, उसाचा रस किंवा साखरेचं सरबत घ्या आणि पंधरा मिनिटं उठू नका.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हाळ्यात जास्त. घाम जास्त येत असेल तर ओआरएस घ्या, पण पाकिटावर लिहिल्याप्रमाणे एक लिटर पाण्यात पूर्ण पाकीट. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट ओतणारे पुष्कळ दिसतात. त्याने द्रावण फार दाट होतं आणि फायद्याऐवजी पोट बिघडतं.

मिसळ? जरूर खा, पण परतीचा चढ संपल्यावर. तर्री पोटात घेऊन घाट चढणं फार थोड्यांना झेपतं. जाताना पोहे, येताना मिसळ, हा आमचा नेम आहे.

हेल्मेट हवंच का?

हो. त्याशिवाय आम्ही कुणालाही सोबत घेत नाही.

पंक्चर झालं तर?

होणारच, म्हणून निघण्याआधी घरी एकदा चाक काढून, ट्यूब बदलून बघा. मागचं चाक काढून बघा, कारण पंक्चर बहुधा मागचंच होतं आणि चेनमुळे ते अवघड वाटतं. आधी सर्वांत लहान चक्रावर गिअर आणा, मग चाक सहज सुटतं.

जवळ बाळगायच्या वस्तू: एक जास्तीची ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिममधून काढायच्या पट्ट्या), पॅचचा डबा, छोटा पंप, ॲलन की (षटकोनी पाना). ट्यूबच्या व्हॉल्व्हची लांबी आणि प्रकार आपल्या रिमला जुळतो ना, हे दुकानातच बघा.

आता खरी कळीची गोष्ट. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, अगदी हळू. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेल्या बारीक तारा पडलेल्या असतात. केसाएवढी तार रबरात घुसून बसते, बाहेरून दिसत नाही, आणि नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. बोटाला टोचलं की ती नखाने किंवा चिमट्याने ओढून काढा. गावाकडच्या रस्त्यावर हेच काम बाभळीचा काटा करतो. जुन्या ट्यूबला भोक कुठे आहे ते बघून टायरवर तेवढीच जागा शोधली तर वेळ वाचतो, म्हणून ट्यूब काढताना तिची दिशा लक्षात ठेवा.

हवा कमी असली की खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. हे टाळायला दर राइडआधी हवा बघा. २८ मिलिमीटरच्या टायरला वजनाप्रमाणे ७० ते ८५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपावर दिसतं), ३५ च्या हायब्रिडला ५० ते ६५. टायरच्या कडेवर कमाल आकडा छापलेला असतो, त्याच्या पुढे जाऊ नका.

ग्रुपमध्ये मी मागे पडलो तर?

तर आम्ही थांबू. ज्या ग्रुपमध्ये हा प्रश्न विचारायची भीती वाटते, त्या ग्रुपसोबत जाऊ नका.

आमच्याकडे शेवटी एक जाणता सायकलवाला असतो, त्याला स्वीप म्हणतात. त्याच्या मागे कुणीही राहत नाही. प्रत्येक फाट्यावर आणि घाटाच्या माथ्यावर सगळे जमेपर्यंत पुढचे थांबतात. शेवटचा माणूस आला की लगेच पेडल मारायचं नाही, कारण ज्याला सर्वांत जास्त दम लागलाय त्यालाच विश्रांती मिळत नाही. त्याने पाणी पिऊन मान हलवली की निघायचं. चांगला ग्रुप ओळखायची ही माझ्या मते सर्वांत सोपी खूण आहे.

चालवताना एकामागे एक. पुढचा "खड्डा", "ब्रेकर", "खडी" असं ओरडतो आणि मागचा तेच पुढे पोचवतो. रंग न मारलेले गतिरोधक आपल्याकडे इतके आहेत की हे ओरडणं थांबवून चालत नाही. पुढच्याच्या चाकाला चाक भिडवू नका. कानात इअरफोन नको.

कुत्री मागे लागतात, तेव्हा?

बहुतेक कुत्री धावणाऱ्या चाकाच्या मागे येतात. वेग वाढवून सुटता येईल असं वाटतं, पण पुढे दुसरी टोळी असते. वेग कमी करा, आवाज चढवून "हाड!" म्हणा. तरी आलं तर उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मधे धरा आणि चालत पुढे जा. नव्वद टक्के वेळा ते तिथेच थांबतं. लाथ मारायला जाऊ नका, तोल जातो. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठा. "बारीकच आहे" म्हणून टाळू नका.

पावसाळ्यात जावं का?

जावं. मुळशीचा रस्ता जुलैत पाहिला नाही तर काय पाहिलं? पण अटी आहेत. ताम्हिणी आणि सिंहगडाच्या घाटात दरड पडते, त्यामुळे मुसळधार पावसाच्या इशाऱ्याच्या दिवशी घाट वर्ज्य. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा सर्वांत जास्त घसरतं. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि झाडाखालचं शेवाळ यांवरून वळू नका, सरळ जा. पाणी साचलेल्या जागेत खड्डा आहे असंच धरून चाला. हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे मुळशीला जाताना तो छातीवर असतो आणि येताना पाठीशी. जाताना वेग पडला म्हणून खचू नका.

घरी आल्यावर चेन पुसून कोरडी करून तेल द्या, त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गंजलेली दिसते.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सायकल चालते का?

नाही, बंदी आहे. लोणावळ्याला जायचं तर जुन्या महामार्गाने जा.

वर्षातले कुठले दिवस टाळावेत?

ज्येष्ठ-आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून दिवे घाटातून सासवडला जाते, त्या दिवशी घाट वाहनांना बंद असतो आणि सगळी वाहतूक बोपदेवकडे वळते. त्या दोन-तीन दिवसांत दोन्ही घाट वारकऱ्यांना सोडावेत. सायकलवाल्याने तिथे वाट काढत घुसणं शोभत नाही.

दिवाळीनंतर मार्चपर्यंत ऊस वाहतुकीचे दिवस. सासवड-जेजुरीच्या पुढे, दौंड-बारामतीकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटे चालतात. मागे बरेचदा दिवा नसतो आणि ट्रॉलीबाहेर आलेला ऊस अंधारात दिसत नाही. त्यांना ओलांडताना दोन्ही ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर पूर्ण मागे पडल्याशिवाय डावीकडे येऊ नका.

गुडघा दुखतो. सायकल सोडावी का?

आधी सीटची उंची बघा. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, फार वर असेल तर मागून. दुसरं कारण जड गिअर. मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे होतील असा हलका गिअर ठेवा. एवढं करूनही दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. बसायची जागा दुखते त्याला गादीवाली चड्डी हा उपाय आहे, आणि ती आत दुसरी चड्डी न घालता घालायची असते. गुबगुबीत जेलच्या सीटने लांबच्या राइडला त्रास वाढतो.

बायकांनी या राइडना यावं का?

हा प्रश्न बहुतेक वेळा घरचे विचारतात. आमच्यात मुली आहेत, काकू आहेत, साठीच्या आजी आहेत, आणि चढावर त्यांना गाठणं भल्याभल्यांना जमत नाही. खरी अडचण स्वच्छतागृहाची आहे. म्हणून थांबायची हॉटेलं ठरवताना ती सोय बघूनच ठरवतो. सीट बाईच्या मापाची, थोडी रुंद मिळते, ती मागून घ्या.

तुमचा सर्वांत आवडता रस्ता कोणता?

पानशेत. शहरापासून चाळीसेक किलोमीटर. डोणजे फाटा मागे पडला की गाड्या गडाकडे वळतात आणि रस्ता एकदम आपला होतो. खानापूरच्या पुढे उजव्या हाताला खडकवासल्याचं पाणी सोबत करतं, छोटे चढ-उतार येत राहतात, डावीकडे सिंहगडाची रांग.

या रस्त्यावरून जाताना नव्या सोबत्यांना १२ जुलै १९६१ ची गोष्ट सांगतोच. बांधकाम चालू असलेलं पानशेतचं मातीचं धरण त्या दिवशी फुटलं. ते पाणी खाली आलं आणि १८७९ मध्ये पूर्ण झालेलं खडकवासल्याचं दगडी धरणही टिकलं नाही. पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आपण सायकलवर जातो-येतो तोच हा पाण्याचा मार्ग. आमच्यातल्या एका काकांचं घर तेव्हा शनिवार पेठेत होतं. पानशेतच्या भिंतीसमोर चहा घेताना ते आपण होऊन सांगू लागतात आणि त्या दिवशी परतायला उशीर होतो.

२०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) कधी करावी?

शंभर किलोमीटर करून दुसऱ्या दिवशी कामावर नीट जाता आलं की. बीआरएम ही शर्यत नसते, नंबर काढत नाहीत. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी वेळेत पोचायचं आणि स्वतःचं सगळं स्वतः सांभाळायचं. आपल्या महाराष्ट्रात या लांबच्या सायकलिंगची मोठी परंपरा तयार झाली आहे. नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली आणि २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच एकट्याने पूर्ण केली.

पहिल्या बीआरएमसाठी थंडीतली तारीख निवडा आणि मार्गाचा नकाशा पाहून चढ पहिल्या शंभरात येतात की शेवटच्या, ते बघा. शेवटचे पन्नास किलोमीटर सपाट किंवा उताराचे असतील तोच मार्ग नव्याने घ्यावा. नवं सीट, नवे बूट त्या दिवशी वापरू नका. अंधार पडण्याआधी पोचायचा बेत असला तरी दिवे आणि चमकणारं जॅकेट बरोबर असू द्या, ते सक्तीचंच असतं.